पेटीवरचं गाव पुसण्याआधी

तीन वर्षांत मी लाल किल्ला सात वेळा पाहिला. गावाकडून पाहुणे आले की लाल किल्ला, इंडिया गेट, करोल बागेत साड्या आणि परतीची गाडी, हा आमचा ठरलेला दौरा. उन्हाळ्याची सुट्टी तर साताऱ्याच्या नावावर लिहूनच ठेवलेली. आमची स्वतःची दिल्ली ‘बघू नंतर’वर राहिली. आणि एप्रिलात यांची बदली आली, सिकंदराबादला. (हे म्हणजे माझे मिस्टर, फौजेत हवालदार.) मी लगेच राहून गेलेल्या जागांची यादी करायला बसले.

आमची दहा वर्षांची सई मात्र शांत. “या सुट्टीत गावाला नको, दिल्ली बघू,” म्हटलं, तर म्हणाली, “क्या फायदा, मम्मी? जायचंच आहे ना. अच्छा लगा तो और बुरा लगेगा.”

दिल्लीआधीच्या बदलीचं भटिंडा सोडताना ही पोर आठवडाभर रडली होती. त्यानंतर कॅन्टोन्मेंटच्या या क्वार्टरमध्ये तिने एकही मैत्रीण केली नाही. मला फार वाईट वाटायचं. निघण्याआधी तिला इथलं काहीतरी मनापासून आवडावं, एवढीच माझी इच्छा होती.

यांनी चार दिवस सुट्टी टाकली. नियम दोनच: तिकिटाच्या जागा नकोत, आणि दहा ते पाच बाहेर पडायचं नाही. मे महिन्यात येणार असाल तर दुसरा नियम लिहून ठेवा, दुपारची दिल्ली तव्यासारखी तापते.

पहिल्या दिवशी आर. के. पुरमची टेकडी. वर मुरुगनचं, म्हणजे कार्तिकेयाचं, दगडी देऊळ आहे. सकाळी सातला पोचलो तेव्हा पायऱ्या अजून गार होत्या, मोगऱ्याचा वास, कुठून तरी नादस्वरमचे सनईसारखे सूर, आणि कठड्यावर मोर. खरा मोर, आपल्याच तंद्रीत. खाली बसस्टॉपवर ऑफिसला निघालेली माणसं दिसत होती, पण त्यांचा आवाज वर पोचत नव्हता. मी किती वेळ तशीच बसले कुणास ठाऊक. सईने मोराला पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली. उतरल्यावर इडली खाल्ली, तिघांचे दोनशेच्या आत झाले.

दुसऱ्या संध्याकाळी चित्तरंजन पार्क. मासळीबाजार, मिष्टी दोई म्हणजे मडक्यातलं गोड दही, बाकावर तावातावाने वाद घालणारे बंगाली आजोबा. सईने दोई दोनदा मागितलं, पण चेहऱ्यावर काही दाखवेल तर शपथ.

तिसऱ्या दिवशी मजनू का टीला, तिबेटी निर्वासितांची वस्ती. विधानसभा मेट्रोवर उतरून ई-रिक्षा करा, गाडी आणू नका, पार्किंगला जीव जाईल. आत शिरलं की दिल्ली मागे राहते. हातभर रुंदीच्या गल्ल्या, डोक्यावर रंगीत पताका, धूप, यमुनेकडून येणारा वारा. एका गल्लीच्या तोंडाशी स्टुलावर बसून एक तिबेटी बाई लाफिंग विकत होत्या, म्हणजे तिखट रसातल्या गार, बुळबुळीत पट्ट्या. त्यांनी सईला विचारलं, “कहाँ से हो, बेटा?”

सईचं उत्तर ठरलेलं. “पता नहीं. पापा आर्मी में हैं.”

बाई हसल्या. “मैं तो यहीं पैदा हुई. मेरी माँ ने अपने गाँव के इतने किस्से सुनाए कि मुझे वहाँ का रास्ता तक याद है. गई कभी नहीं.”

“फिर बुरा नहीं लगता?”

“लगता है,” बाई पट्ट्या कापता कापता म्हणाल्या. “पर भूल जाती तो मेरे पास क्या रहता?”

 परतताना मेट्रोत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सई खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेरचे दिवे तिच्या डोळ्यांवरून सरकत होते, आणि मला वाटलं, ही गाडी आता थांबूच नये.

चौथ्या दिवशी लाजपत नगरमधली अफगाणी भट्टी. पाट्या फारसीत, नान हाताएवढे लांब. भट्टीवाल्याने गरम नान कागदात गुंडाळून सईच्या हातात दिला आणि तोच प्रश्न विचारला. तिने क्षणभर विचार केला. “दिल्ली से,” म्हणाली. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नानचा घास उगाच चावत बसले, कारण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं.

महिन्याभराने सामान बांधायला काढलं. फौजी घरातल्या काळ्या लोखंडी पेट्या तुम्ही पाहिल्या असतील. वर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, गाव. प्रत्येक बदलीला जुन्या गावावर काळा रंग मारायचा आणि नवं लिहायचं. यांनी ब्रश उचलला, तशी सई मध्ये येऊन उभी राहिली.

“पप्पा, दिल्ली मत मिटाओ.”

“अगं, मग पेटी परत इकडेच येईल.”

“आने दो ना.”

यांनी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, “बाहेरचं तर पुसावंच लागेल, सई.” आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडून पांढऱ्या रंगाचा ब्रश तिच्या हातात दिला.

आता आमच्या पेटीच्या झाकणाला आतून आम्ही आजवर राहिलेली तीन गावं आहेत: बेळगाव, भटिंडा, दिल्ली. अक्षर वाकडंतिकडं, रंग ओघळलेला. खाली तिने चौथ्यासाठी जागा सोडली आहे.