उंबऱ्यावरचा भाकरतुकडा

मी कोरियन मालिकांची वेडी. शाळेत दिवसभर पोरांवर ओरडून घरी आले की चहा आणि मालिका, मध्ये कुणी बोलायचं नाही. आई म्हणते, "त्या टीव्हीतल्या शेवया बघूनच तुझं प्वाट भरतंय, मग मी भाकरी कुणासाठी थापू?"

यंदा हाती लागलेली मालिका मात्र प्रेमाबिमाची नव्हती. तिकडं प्रत्येक पोराला काही काळ सैन्यात जावंच लागतं. तशा नव्या पोरांची, त्यांच्यावर हात टाकणाऱ्या वरच्या शिपायांची आणि जाच सोसवेना म्हणून पळालेल्यांची ही गोष्ट. बराकीतला दिवा मालवल्यावर पोरं पांघरुणात तोंड खुपसून कशी रडतात, हे दाखवायची त्या लोकांची छाती झाली, याचंच मला कौतुक. आपल्याकडं पडद्यावर फौजी आला की एकतर गाणं म्हणतो, नाहीतर शहीद होतो.

पण आमच्या घरात ही मालिका लावणं म्हणजे विस्तवाशी खेळ. आबा, म्हणजे माझे वडील, निवृत्त सुभेदार. आमचं मूळ गाव गडहिंग्लजकडचं, घरटी एक तरी फौजी. तिथली रीत आबांनी कोल्हापुरातही पाळली. सुट्टीवर आलेल्याला उंबऱ्यावर थांबवायचं, पायावर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, मगच आत घ्यायचं. धाकटा भाऊ भरती झाला तेव्हा गल्लीनं गुलाल उधळला, आणि काही महिन्यांतच तो ट्रेनिंग अर्धं टाकून पळून आला. आई तुकडा घेऊन उठली तर आबा म्हणाले, "पळून आलेल्याला कसला भाकरतुकडा?"

भाऊ मुकाट मागच्या दारानं आत आला. ते दार त्याचं कायमचंच झालं. पुढं बिद्रीला साखर कारखान्यात लागला, लग्न झालं, मुलगी झाली. दर रविवारी येतो, स्वयंपाकघरात आईजवळ बसून मटण खातो आणि जातो. आबा बाहेरच्या खोलीत जेवतात. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांचाही मला मनस्वी राग यायचा.

आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते टीव्हीसमोर अडकले. पहिल्या दिवशी म्हणाले, "ही कसली मिल्ट्री? पोरं हाईत का पोरी?" दुसऱ्या दिवशी नुसतेच बघत बसले. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून यायच्या आधीच रिमोट हातात. "लाव की ती तुझी."

त्या भागात पळालेला पोरगा आईच्या खानावळीमागं येऊन उभा राहतो. खिडकीतून आई भांडी घासताना दिसते. पोरगा हाक मारत नाही, आत जात नाही. रडवणारं पार्श्वसंगीतसुद्धा नाही, फक्त नळाचा आवाज. असं लिहिणाऱ्याच्या पाया पडावं.

आबांनी रिमोटनं आवाज बारीक केला. मग म्हणाले, "मीबी निघालतो."

"कुठं?"

"पळून. ट्रेनिंगातनं. टेसनापातूर गेलतो की."

"मग?"

"गाडी चुकली." त्यांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही. "गाडी चुकली म्हणून सुभेदार झालो."

आई दारात पीठभरल्या हातांनी उभी होती. एवढ्या संसारात हे तिलाही ठाऊक नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला, आणि त्यांनी एकट्यानं वाहिलेलं ते ओझं बघून रडूच आलं.

रविवारी भावाची मोटारसायकल बोळात वळल्याचा आवाज आला. आबा वॉकर धरून उठले, पुढच्या दाराशी गेले आणि आईला म्हणाले, "भाकरी झाली व्हय? तुकडा दे हिकडं. आन् त्याला फुडनं ये म्हणावं."

माझी हाक ऐकून भाऊ धावतच पुढं आला, आबांनाच काही झालं असं वाटून. उंबऱ्यावर आबांना बघून जागच्या जागी थांबला. आईनं त्याच्या पायावर पाणी घातलं. एका हातानं वॉकर धरून आबांनी तुकडा ओवाळला आणि अंगणात टाकला.

भाऊ सवयीनं तडक स्वयंपाकघराकडं निघाला.

"हितं बस," आबा म्हणाले. तो त्यांच्या खुर्चीपाशी खालीच बसला. मग आबांनी ते विचारलं, जे आमच्यापैकी कुणीच त्याला कधी विचारलं नव्हतं.

"लई तरास झालता का रं तिथं?"