पाण्याला वाहिलेला भंडारा

देवाचं आणि माझं त्या काळात फारसं बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. आम्ही निमगाव सावाचे, घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं आणि देव्हाऱ्यात खंडोबा. थोरला भाऊ मेंढरांमागे गेला आणि मी चार बुकं शिकून शाळेत मास्तर झालो. आई घराबाहेर पडणाऱ्याच्या हातावर चिमूटभर भंडारा ठेवायची. मी तो निमूटपणे घेत असे आणि वेशीबाहेर हात झटकत असे.

दिवाळीनंतर दादा दरवर्षीप्रमाणे कळप घेऊन नाणेघाट उतरला होता. कोकणातले शेतकरी भात कापल्यावर खतासाठी खाचरांत मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. त्या वर्षी एक सोबती घाट चढून परत आला आणि अंगणात उभ्याउभ्याच म्हणाला, "दादाला हिवताप भरलाय. लई बडबड करतोय, मानूस वळखत न्हाई." मी जुन्नरला जाऊन हिवतापावरच्या औषधाच्या, कोयनेलच्या, पुड्या आणल्या. निघताना आईने या खेपेला चिमूट नव्हे, भंडाऱ्याची अख्खी पिशवीच कमरेला बांधली. "पानी लागलं की आदी त्याला भंडारा वाहा, मग पाय टाक. तिकडं लई मोठं पानी हाय म्हनं." तिने घोड नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. मीही नव्हतं, पण मी भूगोल शिकवत होतो.

घाटघरवरून घाट उतरून, वाट विचारत मी खाडीकाठच्या कोळीवाड्यात पोचलो. दादाचा तळ समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ डोंगराच्या पलीकडे होता. जमिनीवरून जायचं तर सगळ्या खाडीला वळसा पडणार होता. पुरुषमाणसं मासेमारीला गेलेली. एका म्हातारीच्या दारात आंब्याच्या खोडात कोरलेली चिंचोळी होडी होती, एका माणसापुरती. मी तीच मागितली. गावच्या नदीला पूर आला की भोपळ्यांची सांगड वल्हवून मी माणसं पैलतीरी नेलेली, त्यामुळे भीती वाटली नाही. म्हातारी म्हणाली, "पानी फिरंल, मंग जा." मला हसू आलं. आमच्याकडे नदी जिकडे वाहते तिकडेच वाहते, आणि खाडीचं पाणी तर मला जायचं होतं त्या डोंगराच्या दिशेनेच चाललं होतं. भरती-ओहोटी मी पोरांकडून घोकून घेतली होती. समोर पाणी दिसलं तेव्हा मात्र मला नदीच दिसली. कोयनेल मुंडाशात खोचून मी निघालो. भंडारा वाहायचा राहिला.

सुरुवातीला होडी आपसूक धावत होती आणि मी स्वतःवर खूश होतो. खाडीचं तोंड संपलं तसं कळलं की हे पाणी डोंगराला वळसा घालणार नाही, ते सरळ समुद्रात चाललं आहे. मी होडीचं नाक किनाऱ्याकडे वळवलं आणि सगळा जोर लावून वल्हवू लागलो. डाव्या हाताला काळे खडक, त्यांवर फुटणाऱ्या लाटा, आणि किनारा हळूहळू मागे जातोय. तळहातांची साल निघाली. मरणाची भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त भीती वाटली ती मुंडाशातल्या पुड्यांची. त्या माझ्यासोबत बुडाल्या असत्या आणि दादा तिकडे तापात बडबडत राहिला असता.

शेवटी हातच उचलेना. वल्हं मांडीवर ठेवलं आणि रागाने पिशवीच सोडली. "घे मल्हारी, सगळा घे! पायजे व्हता ना? घे, अन् बुडव मला!" असं ओरडून मूठमूठ भंडारा उधळला. याला प्रार्थना म्हणता येणार नाही.

वाऱ्याने निम्मा भंडारा खडकांकडे नेला. काही माझ्याभोवती पडला, तो माझ्याच संगतीने समुद्राकडे वाहू लागला. खडकांजवळ पडलेला मात्र उलटा फिरला. पिवळी रेघ एका मोठ्या खडकामागून वळून जमिनीकडे जात होती. वल्हवत असतो तर ती दिसली नसती. मी होडी कशीबशी त्या रेघेवर नेली, आणि पुढे पाण्यानेच मला खडकाआड आणून वाळूला लावलं. ओहोटीचं पाणी खडकाला अडून मागे फिरतं, हे मी आज समजावून सांगू शकतो. त्या वेळी समजावायला कोणी नव्हतं आणि मला ते हवंही नव्हतं.

टेकाड ओलांडलं आणि मेंढरांचा आवाज आला. दादा घोंगडीत तसाच पडला होता. कोयनेल लागू पडलं. त्याने मला ओळखून "कवा आलास?" विचारलं, तेव्हा मी तोंड फिरवून खूप रडलो. तो चालू लागेपर्यंत मी तिथेच राहिलो. होडी एका कोळ्याने परत नेली.

दादाला घेऊन घरी आलो तेव्हा आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "पान्याला भंडारा वाहिलास ना?"

"वाहिला, पण उशिरा. अन् देवाला शिव्या देत वाहिला."

मला वाटलं, चिडेल. ती दिव्यात तेल घालत राहिली. "रिकाम्या घराला कोन शिव्या देतं व्हय?"

आता हातावर भंडारा पडला की मी मूठ मिटून घेतो आणि पाणी लागेपर्यंत उघडत नाही.