पांढरी पारडी

माझ्या म्हशीला पांढरी पारडी झाली, तेव्हा सासूबाईंनी आधी पारडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हैस माझ्या माहेरची, मुरबाडकडची, लग्नात आंदण दिलेली. म्हणजे दोष माझाच.

"काळीच्या पोटी असा जीव नाय निपजत गो," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडलंच काय तरी हाय."

आता नातू सांगतो, की अंगात रंग न धरण्याचा गुण रेड्यातही असला आणि म्हशीतही लपलेला असला, तर असं पिल्लू होतं. पाप-बिप काही नसतं. पण तेव्हा इंग्रजांच्या काळातली, लढाईची वर्षं, डोळखांबच्या आमच्या पाड्यावर रॉकेल पोचत नव्हतं, तिथे हे कोण सांगणार? गाय पांढरी झाली की लक्ष्मी, म्हैस पांढरी झाली की अवदसा. या न्यायाचा मला अजून संताप येतो.

गावाला कळू नये म्हणून सासूबाईंनी तव्याची काजळी तेलात कालवून पारडीला फासली. म्हशीने चाटून ती पुन्हा पांढरी केली. या फासायच्या, ती चाटायची. त्या घरात शहाणी तेवढी म्हैस होती.

शेवटी बोभाटा झालाच. भगत आला, त्याने देवाचा कौल घ्यायला तांदूळ टाकले आणि पारडी शिवेबाहेर सोडायला सांगितली. मी आडवी पडले, कासरा सोडला नाही. नवऱ्याने माझी बोटं उकलली. मी त्याला ते कधी माफ केलं नाही. उघड्या माळावर, उन्हात डोळे न उघडणारं ते लेकरू दुसऱ्या दिवशी मेलं.

आणि म्हशीने पान्हा चोरला. घरात दुधाचा थेंब नाही म्हटल्यावर सगळ्यांना पारडी आठवली. सासऱ्यांनी माणूस पाठवून तिचं कातडं सोलून आणलं, त्यात पेंढा भरला आणि म्हशीपुढे उभं केलं. म्हैस चाटू लागली, पाझरली. जित्या पारडीला गोठ्यात जागा नव्हती, कातड्याला होती.

पहिलं दूध गावदेवीला, दुसरं भगताला. त्याच्या हातात तांब्या द्यायचं काम माझं. तांब्याबरोबर मी ते कातडंही उचलून नेलं, त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "दूध हिच्यामुळे आलंय. हिला पण शिवेबाहेर टाका."

भगत कातडं झटकून उठला. तांब्या मात्र त्याने हातातून सोडला नाही.