बंद फ्रिजचं प्रायश्चित्त

पाप ओळखण्यात आमच्या घरमालकीण आंटींचा हात धरणारं माणूस बोईसरपासून पार मनोरपर्यंत शोधून सापडायचं नाही. पाप दुसऱ्याचं, हे आधीच सांगून ठेवतो. मी घाटावरून आलो, एमआयडीसीत नोकरीला चिकटलो आणि त्यांच्या बैठ्या चाळीतली मागची खोली भाड्याने घेतली, त्या दिवशी 'ये, बस' म्हणायच्या आधी आंटी म्हणाल्या, "चपला सरळ ठेव. आळस हे पाप हाय." मग हळूहळू कळत गेलं की नळ ठिबकता ठेवणं पाप, ताटात भात टाकणं पाप आणि सेकंड शिफ्टहून येऊन अंघोळ न करता आडवं होणं तर महापाप. शेजारच्या खोलीतली बिहारची पोरं तर शिट्टी वाजवण्याआधी "आंटी, यह भी पाप है क्या?" असं विचारून घ्यायची. आंटी आतून ओरडायच्या, "शिट्टी पाप नाय रे, तेरा सूर पाप है!" पण त्यांचा राग कधी कुणाला आला नाही. ज्या तोंडाने त्या झापायच्या, त्याच तोंडाने तापात पडलेल्याला "पेज पी मेल्या, मरशील" म्हणून उठवायच्या आणि वाटी संपेपर्यंत उशाशी बसून राहायच्या.

आंटी कॅथलिक. चर्चमध्ये पाप कबूल करायला त्या न चुकता जात आणि फादरांना आमची पापं सांगून येत. "मागच्या खोलीतला तो सातारकर रविवारी दहा वाजेपर्यंत लोळतो, फादर." एकदा फादर अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, तुमचं स्वतःचं काही?" हे मला खुद्द आंटींनीच सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "मी खूप इचार केला रे. काय सापडेचना. मग म्हटलं, फादरचा वेळ कशाला घालवा?" यात त्यांना हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

अशा बाईला मैत्रीण मिळणं कठीणच, पण एक होती. तारापूरच्या बाजूच्या कोळीवाड्यातून आमच्या गल्लीत मासळी विकायला येणारी कोळीण. टोपली रिकामी झाली की ती आंटींच्या ओट्यावर येऊन बसायची आणि दोघींचा चहा व्हायचा. आंटींचे यजमान, आमचे अंकल, वारले त्या वर्षी महिनाभर आंटी कुणाशी बोलल्या नव्हत्या म्हणतात. तेव्हाही ही रोज येऊन नुसती शेजारी बसायची. मासळीच्या भावावरून दोघी एकमेकींच्या जिवावर उठायच्या, पण तोलून झालं की आंटींच्या घरातली बातमी तिला आणि तिच्या घरातली आंटींना. तिच्या पापांबद्दल मात्र आंटी कधी चकार शब्द काढत नसत. केवढी ही सवलत!

तर एका वर्षी राखेच्या बुधवारी ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू झाला. या दिवसांत आवडीची एखादी गोष्ट सोडायची असते. कुणी गोड सोडतं, कुणी मालिका. आंटींनी थंड पाणी सोडलं, तेही बोईसरच्या मार्च महिन्यात! त्यांच्या या तपश्चर्येचं आम्हा सगळ्यांना कौतुक होतं, आणि नसतं तरी त्यांनी ते करून घेतलं असतं. शुक्रवारी मटण चालत नाही, मासळी चालते, म्हणून एका गुरुवारी सकाळी त्यांनी कोळणीकडून सुरमई घेतली आणि शुक्रवारी दुपारी चिंच-मसाल्यात शिजवून सगळ्या भाडेकरूंना जेवायला बसवलं. आंटींना सर्दी होती, नाक चोंदलेलं. आणि एकट्या राहणाऱ्या कारखान्यातल्या माणसाला घरचं जेवण समोर आलं की तो वासबीस घेत बसत नाही. शनिवारी सकाळी संडासापुढे रेशनच्या दुकानासारखी रांग लागली. मला तर सलाईन लावावं लागलं.

सोमवारी कोळीण नेहमीसारखी टोपली घेऊन आली, तेव्हा आंटी गल्लीच्या मधोमध उभ्याच होत्या. "सडकी मासळी इकतेस? माझी पोरं मेली असती ना!" आंटींचा आवाज म्हणजे चर्चची घंटा परवडली. दारंखिडक्या उघडल्या. कोळीण एवढंच म्हणाली, "माजी मासळी ताजी होती गो." मग तिने टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागली. पुढे दोनतीनदा ती आली, पण गल्लीत कुणी तिच्याकडे टोपली उतरव म्हणालं नाही. मग ती यायचीच बंद झाली. आंटी दुपारी सवयीने दोन कप चहा करायच्या आणि कुरकुरत दोन्ही स्वतःच प्यायच्या.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी मी कारखान्याच्या जिन्यावरून घसरलो आणि घोटा सुजवून घेतला. लंगडत जाऊन आंटींकडे बर्फ मागितला. "बर्फ?" त्या कडाडल्या. "उपासकाळात बर्फ? राखेच्या बुधवारपासून फ्रिज बंद हाय माझा. थंड पाणी समोर दिसलं की मोह होतो, म्हणून मीच प्लग काढून ठेवलाय..." आणि बोलता बोलता थांबल्या. आम्ही दोघं त्या फ्रिजकडे बघत राहिलो.

"आंटी, मग ती सुरमई?"

"त्यातच ठेवली होती," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "सवयीने." आणि तिथेच फरशीवर बसल्या. "अरे, मी पाप केलं रे. माझ्या माणसाला मी गल्लीत चोर ठरवलं." 'मी' आणि 'पाप' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून एकत्र मी पहिल्यांदाच ऐकले. खोटं कशाला बोलू, मला आनंद वगैरे काही झाला नाही. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्या त्या तणतणतच. "थोड्या प्रार्थना म्हणायला सांगितल्या फादरने. देवाने क्षमा केली म्हणाला, आता त्या बाईला जाऊन भेटा. एवढ्या मोठ्या पापाला एवढंसं प्रायश्चित्त? मी म्हटलं, फादर, वाढवा जरा. नाय वाढवलं!" जन्मभर भाव पाडून मागणारी बाई प्रायश्चित्ताचा भाव चढवून मागत होती. मग ज्या जागी उभं राहून कोळणीला बोलल्या होत्या, त्याच जागी उभ्या राहिल्या आणि त्याच आवाजात ओरडल्या, "ऐका रे सगळे! मासळी ताजी होती! फ्रिज माझा बंद होता! पापी मी हाय!" बिहारच्या पोरांपैकी कुणालाही विनोद सुचला नाही.

रविवारी रिक्षा करून आम्ही कोळीवाड्यात गेलो. आंटींच्या मांडीवर नवी साडी, पायाशी तांदळाची पिशवी, बाजूला लंगडता मी. कोळीण बोंबील वाळत घालत होती. तिने एकदा वळून बघितलं आणि म्हणाली, "आलीस? बस. चा टाकते."

आंटींनी वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. कोळीण बोंबील अडकवतच होती. "माला ठाव हाय. तुज्या गल्लीतल्या बायांनी सांगितला. मी कवाच सोडून दिला."

"असं कसं सोडलंस?" आंटी चिडल्या. देवाशपथ, चिडल्या! "मला चार शिव्या तरी दे! तुझ्या तोंडाला आख्खं बोईसर घाबरतं, न् मला एक शिवी नाय?"

"नाय देत, जा."

"मग ही साडी घे. तांदूळ घे."

कोळणीने हात पुसले आणि साडी, पिशवी दोन्ही उचलून परत रिक्षात ठेवली. "माफी काय पापलेट हाय, भाव करतेस ती? दिली मंजे दिली. लय रडली मी त्या दिवशी, लय राग आलता. आता नाय. तू गप बस न् चा पी."

आंटी गप बसल्या. मग कप तसाच हातात धरून ढसाढसा रडल्या. कोळीण बाजूला येऊन नुसती बसून राहिली. मी उगाचच समुद्राकडे बघत राहिलो.

ती आमच्या गल्लीत मात्र परत आली नाही. तोवर पालघरच्या बाजारात तिला जागा मिळाली होती, गिऱ्हाईक जमलं होतं. ते मोडून कशाला येईल? माफ केलं म्हणून गेलेली दुपार परत येते असं थोडंच आहे? आंटीही ते समजून होत्या. त्या एकदाही 'ये' म्हणाल्या नाहीत.

पुढे माझी बदली झाली. मध्यंतरी कामाला पालघरला गेलो, म्हणून बाजारात डोकावलो. बघतो तर कोळणीच्या शेजारी गोणपाटावर आंटी! आता चांगल्याच थकल्यात, पण आवाज शाबूत. "ताजी सुरमई! या, ताजी!" आणि कोळीण म्हणतेय, "हलू गो, गिऱ्हाईक पलेल."

मी थट्टेने विचारलं, "काय आंटी, फादरांनी शेवटी प्रायश्चित्त वाढवलं वाटतं?"

एरवी त्यांनी माझी चांगली हजेरी घेतली असती. पण त्या हसल्या. "प्रायश्चित्त कसलं रे? ते तर त्या दिवशीच संपलं," म्हणाल्या. "हिच्याजवळ बसलं की बरं वाटतं. म्हणून येते."