दादीचा फॉल्ट

"पाटीलभाई, शुं चाले छे? आठ दिवसांत चौथी कम्प्लेंट, तीही एकाच घराची! पाचवी आली तर तुमचा एरिया बदलला. मग जा कामरेजला."

फोनवर आमचे मॅनेजर. मी लिंबायतच्या एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, त्याच घरात स्टुलावर उभा, तोंडात दोन स्क्रू. त्यांच्या फटीतून जमेल तसं 'हो साहेब' म्हटलं.

मी सुरतेत घरोघरी इंटरनेट जोडतो आणि बिघडलं की दुरुस्त करतो. राहायला उधन्यात, मूळचा पारोळ्याचा. बारा वर्षं याच गल्ल्यांत गेली. इथे लोक मला जिन्यातच चहा देतात. ते सोडून कामरेजला, हायवेवर केबल ओढायला जायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं.

कम्प्लेंट करणारे अस्लमभाई साडीच्या बॉर्डरची एम्ब्रॉयडरी डिझाइनं घरीच कॉम्प्युटरवर करतात आणि कारखान्याला पाठवतात. रोज संध्याकाळी फाइल पाठवायला लावून ते मशिदीत जात. परत येऊन बघतात तर फाइल अर्ध्यात लटकलेली. कारखानेवाला वैतागला होता. अस्लमभाई त्याच्यापेक्षा वैतागले होते.

लाइन ठणठणीत होती. नेटचा जो पांढरा बॉक्स असतो, त्याची वीज गेली की तो विझता विझता ऑफिसला एक सिग्नल पाठवतो. आमच्यात त्याला डाइंग गॅस्प म्हणतात, म्हणजे मरणाऱ्याचा शेवटचा श्वास. हा बॉक्स रोज संध्याकाळी मरायचा आणि वीस मिनिटांनी टुणकन उठून बसायचा. अ‍ॅडॉप्टर बदलला. प्लग बदलला. शेवटी बॉक्सच बदलला. नवा बॉक्सही तितक्याच इमानदारीने मेला.

मग मी ऑफिसातून मरणाच्या वेळा मागवल्या. सहा पंचवीस, सहा पंचवीस, सहा सव्वीस, सहा सत्तावीस. जानेवारी संपत आला होता. दर एक-दोन दिवसांनी फॉल्ट मिनिटभर पुढे सरकत होता! वायरला कॅलेंडर कुठून कळणार? आणि मी शहाणा रोज सकाळी अकराला जाऊन संध्याकाळचा आजार शोधत होतो. म्हणून फोन आला त्याच संध्याकाळी पहिल्यांदाच सहा वाजता गेलो.

बॉक्स दादींच्या पलंगाच्या डोक्याशी होता. दादी म्हणजे अस्लमभाईंच्या आई, माहेर अमळनेर. माझं गाव ऐकलं आणि त्यांची भाषाच पालटली, थेट अहिराणी.

"पारोयाना शे का तू? मंग आठे बस. च्या पी."

बसलो. शेजारच्या खोलीत तीन नातवंडं तीन फोनांत बुडालेली. स्वयंपाकघरातून सून सूर्यास्ताच्या नमाजासाठी ओरडत होती, "फोन रखो! मगरिब का वक्त हो गया!" एकाचीही मान वळली नाही. अस्लमभाई फाइल पाठवायला लावून, टोपी घालून खाली उतरले.

अजान सुरू झाली. दादींनी ओढणी डोक्यावर घेतली, एक हात सावकाश उशीमागे नेला आणि खट्‌कन बटण बंद केलं. बॉक्स विझला. माझ्या बशीतला चहा माझ्याच शर्टावर सांडला.

"अरे यार, फिर गया!" आतून आवाज आला. आमच्या कंपनीचा यथेच्छ उद्धार झाला आणि मिनिटभरात तिघंही बाहेर. थोरली वजूला, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला गेली. तिच्या मागे धाकटे दोघे. ना रडारड, ना आदळआपट.

दादींनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"सून घसा फोडस, पोरं ऐकतस नही. मी बटन दाबस. पोरं म्हनतस, कंपनी खराब. कंपनीले काय, तिले थोडीच लाज शे!"

मला हसू आवरेना आणि धडकीही भरली. खरं सांगितलं तर उद्यापासून पोरं बटणावर पहारा देणार. गप्प बसलो तर अस्लमभाईंचं काम जाणार आणि मी कामरेजला जाणार.

"मावशी, टायमर लावून देतो. ठरल्या वेळी फक्त मुलांचं नेट आपोआप बंद."

"सूरज कवय बुडस, हाई तुन्हा टायमरले कयस का?"

नव्हतं कळत! आमच्या बॉक्सला एकच ठराविक वेळ देता येते आणि मगरिब सूर्याबरोबर सरकते. बारा वर्षांचा अनुभव दादींनी एका वाक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी मुख्य बॉक्स उचलून अस्लमभाईंच्या टेबलाशी नेला आणि पासवर्ड बदलून फक्त त्यांनाच दिला. दादींच्या उशाशी, त्याच बटणावर एक छोटा राउटर जोडला आणि मुलांचे फोन त्याच्यावर टाकले. बटण होतं तिथेच राहिलं.

"फॉल्ट क्या था, पाटीलभाई?"

"त्या पॉइंटला पॉवर टिकत नव्हती," मी म्हणालो. एक शब्द खोटा नाही. दादी तसबीहची माळ ओढत छताकडे बघत होत्या.

पाचवी कम्प्लेंट आलीच नाही. पंधरा दिवसांनी मॅनेजरचा फोन आला. आवाज पार चक्रावलेला.

"पाटीलभाई, त्या बिल्डिंगमधून सहा फोन आलेत. म्हणतात, तिसऱ्या मजल्यावर जो फॉल्ट आहे, तसाच आम्हालाही बसवून द्या. आ शुं छे?"

मी जिन्यातच फतकल मारून पोट धरून हसलो. दादींकडून गुपित ऐकून सहाही घरांतून फोन करायला लावणाऱ्या आज्याच होत्या. त्यांतल्या दोघी आमच्या खान्देशच्या, त्यांना तो फॉल्ट दिवेलागणीला, शुभंकरोतीसाठी हवा होता. सहाही फॉल्ट मी दोन दिवसांत बसवले आणि कामरेजचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

तेव्हापासून कुठल्याही घरात गेलो की मीटर नंतर काढतो. आधी आजीबाईंच्या शेजारी बसून चहा घेतो.