इराच्या खोलीतला वाफारा

मैत्रिणींनो, आज सकाळची पूजा उरकतेय तोच कॅनडातून लेकीचा व्हिडिओ कॉल आला.

नात इरा महिनाभर खोकतेय. "खिडक्या घट्ट लाव, रोज खोलीत वाफारा दे," असं मीच सांगितलं होतं. आज लेकीने कपाटामागची भिंत दाखवली. सगळी बुरशी. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि इरा त्यात बोटाने मासे काढत होती.

"आई, घरातली दमट हवा बाहेरच जात नाहीये. साधा एक्झॉस्ट फॅन बसवू, की महागडं मशीन? त्यात बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेला आपली ऊब देऊन जाते. तू साधाच म्हणशील, माहितेय."

इथे सिंगापुरात खिडकी उघडली की ओलच आत येते. तिथली गार हवा कोरडी असते, हे मला कुठे ठाऊक?

"मशीनच घे. आणि वाफारा बंद कर."

"आई, बरी आहेस ना?"

फोन ठेवून खिडकीशी बसून राहिले. डोळ्यांपुढे बर्फातलं एक घर, झोपेत संथ श्वास घेणारं. ऊब मागे ठेवून जाणारा तो श्वास मला देवाच्या कृपेसारखाच वाटला.

पण "माझं चुकलं" हे म्हणायचं राहूनच गेलं. तुम्ही म्हणता का हो लेकीला?