श्रीपत मिस्त्री आणि इंजिनातला काळा गाळ

श्रीपत मिस्त्रीकडे गाडी टाकली की ती लवकर परत मिळत नाही, हे सगळ्या महाडला ठाऊक होतं. तसा कामाला तो हळू नव्हता. पण मोडलेली वस्तू काढून नवी बसवली की झालं, असं त्याला कधी वाटलंच नाही. ती मोडली का, हे कळेपर्यंत त्याच्या जिवाला चैन पडायचं नाही. गिऱ्हाईक शेडच्या दारात उभं राहून डाफरायचं, "अहो मिस्त्री, नळी बदललीत ना? मग द्या की गाडी!" आणि हा जुनी नळी उजेडात धरून म्हणायचा, "बदलली हो. पन ही हितंच का फुटली? जरा वर नाय, जरा खाली नाय?"

त्याची बायको सुंदराबाई शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांना भाकरी करपली तरी राग येत नाय. कोनत्या अंगानं करपली ते बघत बसतात."

श्रीपत मूळचा उमरठच्या बाजूच्या एका वाडीतला. वाडीतली माणसं भात कांडायला गिरणीवर जायची, आणि त्या गिरणीच्या डिझेल इंजिनानेच त्याला पहिल्यांदा नादाला लावलं. तिथे तो पाण्याचं पिंप भरायच्या कामावर राहिला आणि मालकाची नजर चुकवून एकेक नट सोडून बघत इंजिन शिकला. मग काही वर्षं एसटीच्या डेपोत हेल्परकी केली, आणि शेवटी महाडच्या बाहेर हायवेला लागून स्वतःची पत्र्याची शेड घातली. मार्च महिन्यात चवदार तळ्यावर माणसं लोटायची, तेव्हा लांबून आलेल्या एखाद्या ट्रकचा पाटा तुटलेला असायचा, एखाद्या बसचा रेडिएटर गळत असायचा. त्या दिवसांत श्रीपत आधी तळ्यावर जाऊन यायचा आणि मग शेडमध्ये बसायचा. त्या गाड्यांच्या मजुरीला त्याने कधी हात लावला नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. महाडच्याच हलिमाभाबींचा टेम्पो दोरखंड बांधून ओढत शेडपाशी आणला गेला. भाबींचे यजमान कुवेतला होते. त्यांच्या तिकडच्या कमाईतून हा डिझेल टेम्पो आदल्या वर्षी पुण्याच्या एका एजन्सीतून घेतलेला, अगदी कोरा. चालवायला भाबींचा भाऊ जलील. कौलं, सिमेंट, किराणा असा माल तो महाडातून पोलादपूरकडच्या गावांना पोचवायचा. त्या दिवशी पोलादपूरच्या अलीकडच्या चढाला इंजिन खडखडलं, मग एक दणका बसला आणि गाडी जागच्या जागी थांबली.

"नवी गाडी रे जलील," श्रीपत बॉनेट उघडत म्हणाला, "आन् आवाज तर म्हाताऱ्या गाडीचा."

त्याने इंजिनाखाली घमेलं सरकवलं आणि खालच्या चेंबरचा नट काढला. काळी का होईना, तेलाची धार यायला हवी होती. धार आलीच नाही. थोड्या वेळाने थंडीत आळलेल्या काकवीसारखा एक गोळा नटाच्या भोकातून डोकावला आणि तिथेच लोंबत राहिला. चेंबर उतरवला तर आत तळभर तोच प्रकार. काळा, चिकट, जाड गाळ. तेल वर ओढणाऱ्या पंपाची जाळी त्याने पार लिंपून टाकली होती. वर तेल पोचलंच नाही, म्हणून बेअरिंगा वितळल्या आणि क्रँकवर चरे पडले. काय झालं ते उघड होतं. हा गाळ आला कुठून, हे मात्र श्रीपतला कळेना.

जलीलने पुण्याला ट्रंक कॉल लावला. गाडी गॅरंटीत होती, म्हणून एजन्सीने आपला इंजिनिअर पाठवला. मोघे नावाचा तरुण, अंगाने बारीक, चष्मा लावणारा. आल्या आल्या बाह्या सरसावून तो गाडीखाली शिरला, त्यामुळे श्रीपतला तो आवडला. पण बाहेर आल्यावर त्याने मान हलवली.

"असा गाळ दोनच कारणांनी होतो. तेल वेळेवर बदललं नाही, किंवा सुटं, भेसळीचं तेल घातलं. दोन्ही गॅरंटीत बसत नाही."

हलिमाभाबी तिथेच उभ्या होत्या. त्या तडक घरी गेल्या आणि जलीलच्या हाती तेलाचे रिकामे डबे देऊन परतल्या. सगळे कंपनीच्या शिक्क्याचे. एकात अबोली लावलेली, एकात तुळशीसारखं काहीतरी उगवलेलं.

"हे बघा, साहेब. दर वेळचा डबा मी ठेवलाय. सुटं तेल आमच्या गाडीला दाखवलंसुद्धा नाही."

मोघ्यांनी अबोलीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि ओशाळं हसले. "भाबी, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण माझ्या साहेबांना अबोली पटणार नाही." मग श्रीपतकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, याला तिसरं कारण सापडलं तर मला दाखवा. मी मानेन."

मोघ्यांचं ते बोलणं श्रीपतच्या डोक्यातून जाईना. तिसरं कारण असलंच पाहिजे. जलील खोटं बोलणारा नव्हता, आणि डबे तर समोर होते.

दुसऱ्या दिवशी त्याने स्टोव्हवर पत्र्याचा तुकडा तापवला आणि त्यावर गाळाचा थेंब टाकला. थेंब मोहरीच्या फोडणीसारखा तडतडला. नुसतं तेल तापून धुरावतं, तडतडत नाही. म्हणजे गाळात पाणी होतं. आता हे पाणी कुठलं? रेडिएटरचं म्हणावं, तर त्यातलं पाणी कमी होत नव्हतं. हेड उतरवून पॅकिंग पाहिलं, तेही धड. श्रीपत पाटावर बसून इंजिनाकडे बघत राहिला. एवढ्यात त्याची नजर तेल मोजायच्या पट्टीवर गेली. तिला सुतळी बांधलेली होती.

"जलील, ही सुतळी कशाला रे?"

"ती पट्टी आपोआप वर यायची, मिस्त्री. गाडी चढाला लागली की फट्कन उडायची. म्हणून बांधून टाकली."

"कधीपासून?"

"तशी थोडी पहिल्यापासूनच उचलली जायची. पन पावसाळ्यानंतर जास्तच."

श्रीपत उठून उभाच राहिला. पट्टी उडते म्हणजे जळलेल्या डिझेलची वाफ आणि धूर इंजिनाच्या पोटात कोंडतोय. ती वाफ, तो धूर बाहेर पडायला एक नळी असते, ब्रीदर म्हणतात तिला. इंजिनाच्या कुशीतून निघून खाली जमिनीकडे तोंड करून असते. माणसाच्या नाकपुडीसारखीच. ती बुजली तर वाफेचं पाणी होऊन आतच राहणार, तेलात घुसळलं जाणार आणि त्याचा गाळ होणार. त्याने नळी सोडवली, एका टोकाला तोंड लावून फुंकर घातली. गाल फुगले, पण पलीकडून वारा काही येईना. वाकून आत पाहिलं तर तेलकट, घट्ट असं काहीतरी दिसलं.

सुंदराबाई जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने नळीत एकदाच पाहिलं.

"अवो, ही तर कुंभारणीची घरं. आपल्या देव्हाऱ्याच्या फळीखाली नाय का ती करत? चिखलाची मडकी करते, आत आळ्या ठेवते नि तोंड लिंपून जाते."

श्रीपत आ वासून तिच्याकडे बघत राहिला. कुंभारीण माशी! बोटाच्या पेराएवढी, बारीक कमरेची माशी, आणि तिने एवढं थोरलं इंजिन बंद पाडलं? त्याला हसूही येईना. तार घालून ती माती उकरून काढावी म्हणून त्याने हात उचलला, आणि खाली घेतला. हे पुण्याला आहे तसंच दाखवायला हवं.

भाबी म्हणाल्या, "मी पण येते, श्रीपतदादा. टेम्पो माझा आहे. ते काय बोलतात ते मला ऐकू दे."

म्हणून जलीलसह तिघं वरंधा घाटातल्या एसटीने पुण्याला गेली. नळी श्रीपतच्या मांडीवर, फडक्यात गुंडाळलेली. वाटेत त्याच्या मनात एकच विचार घोळत होता. ही माशी कुठली? गाडी एजन्सीच्या आवारात विकायच्या आधी बरेच महिने उभी होती, असं जलीलला तिथल्या वॉचमनने सांगितलं होतं. माशी तिथली असेल तर दोष एजन्सीचा. पण पावसाळ्यात जलीलला विषमज्वर झाला, तेव्हा टेम्पो भाबींच्या अंगणातही उभा होता. माशी तिथली असेल तर? हे त्याने अजून कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

एजन्सीचे मॅनेजर ऐकायलाच तयार नव्हते. "माशी? गॅरंटीच्या कागदावर तेल आहे, पाणी आहे, अपघात आहे. माशी कुठे आहे? उद्या म्हणाल उंदराने टायर खाल्ला!"

"खातो की," श्रीपत सहज म्हणाला. "आमच्याकडं खाल्लाय."

आवाज ऐकून मोघे आतून आले. नळी हातात घेतली, फुंकून पाहिली, आणि त्यांचे डोळे चमकले. "चला, कापून बघू." मॅनेजर काही म्हणायच्या आत ते वर्कशॉपकडे निघालेसुद्धा. त्यांनी नळी शिकंज्यात धरली. ती फाटू नये म्हणून श्रीपतने दोन्ही बाजूंनी फडकी लावली, मोघ्यांनी करवतीने उभी चीर घेतली, आणि दोघांनी मिळून ती शेंगेसारखी उघडली.

आत एकामागे एक मातीच्या खोल्या होत्या. काहींच्या भिंतीला भोक पडलेलं, पिल्लू बाहेर पडून उडून गेल्याची खूण. काहींत वाळून कोळ झालेल्या आळ्या. वर्कशॉपमधले चार मेकॅनिक हातातली कामं टाकून भोवती जमले. मॅनेजरसुद्धा मागून टाचा उंचावून बघत होते.

मोघ्यांनी सुरीने तेलाचा थर खरवडला. आतल्या बाजूची माती काळी होती. "ही आमची," ते सावकाश म्हणाले. "मागच्या नळाखाली असाच काळा चिखल असतो. नव्या गाड्या तिथेच उभ्या करतो आपण." मॅनेजरांचा चेहरा उतरला. जलीलने श्रीपतला कोपराने ढोसलं.

मोघे नळीच्या तोंडाकडचा भाग खरवडू लागले. तिथली माती लालसर निघाली. श्रीपतने ती बोटांत चुरडून पाहिली. तो तोंड उघडणार, एवढ्यात हलिमाभाबी पुढे वाकल्या.

"अगो बाई! ही तर आमच्या अंगणातली माती!"

जलीलने कपाळाला हात लावला. "आपा, गप की गो!"

"गप कशाला? दर वर्षी मी ह्याच मातीने ओटा करते. मला नाही ओळखू येणार?"

मग मोघे मोठ्याने हसले, श्रीपतही हसला, आणि शेवटी भाबींनाही आपण काय बोलून बसलो ते कळून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"म्हंजे दोघी जणी," श्रीपत म्हणाला. "एक पुण्याची, एक महाडची. पन बंद कुनी केली?"

हाच खरा प्रश्न होता. दोघं पुन्हा वाकले. काळ्या खोल्यांना भोकं पडलेली, म्हणजे तिथून थोडा वारा जात असणार. पट्टी पहिल्यापासून जराशी उचलली जायची ती त्यामुळे. लाल माती मात्र सलग होती. पावसाळ्यानंतर नळी पुरती बुजली ती तिच्यामुळे. पण काळी माती आधी नसती, तर तेवढ्याशा लाल मातीने भरली असती का एवढी रुंद नळी? मोघे म्हणाले, नसती भरली. श्रीपत म्हणाला, तसं नक्की सांगता येत नाही. यावर दोघांचा बराच वाद झाला. गंमत अशी, की एजन्सीचा माणूस दोष एजन्सीवर घेत होता आणि गिऱ्हाइकाचा मिस्त्री गिऱ्हाइकाकडे.

शेवटी मॅनेजरच वैतागले. "पुरे! सामान आम्ही देतो. मजुरी तुमची, इंजिन तुम्ही महाडला बांधा. पण मोघे, कंपनीला कारण काय कळवू? माशीने इंजिन खाल्लं?"

"खरं तेच कळवा, सर."

"खुळ्यात काढतील मला," मॅनेजर म्हणाले, आणि स्टोअरकीपरला हाक मारायला गेले.

क्रँक, बेअरिंगा, पंप असं सामान महाडला आलं. श्रीपतने इंजिन उलगडून रॉकेलने धुतलं, कानाकोपऱ्यातला गाळ काडीने काढला आणि सगळं पुन्हा बांधलं. नव्या ब्रीदरच्या तोंडाला त्याने पितळी जाळी लावली. टेम्पो पोलादपूरच्या चढाला पुन्हा लागला, तेव्हा श्रीपत जलीलच्या शेजारी, सीटजवळचं बॉनेट उघडून पट्टीवर हात ठेवून बसला होता. पट्टी हलली नाही. हलिमाभाबींनी त्या दिवशी सुंदराबाईकडे वाफवलेलं गोड सांदण पाठवलं. पुण्याच्या आवारात उभ्या गाड्यांच्या नळ्यांना चिंधीचे बोळे बसू लागल्याचं पुढे मोघ्यांनी कळवलं.

मोघ्यांची आणि श्रीपतची ओळख मात्र तिथे संपली नाही. पुढच्या हिवाळ्यात मोघे बायकोला घेऊन रायगड बघायला आले आणि मुक्काम महाडला केला. श्रीपत त्यांना जवळच्या सव गावी घेऊन गेला. तिथल्या उन्हाळ्याच्या, म्हणजे गरम झऱ्याच्या कुंडाजवळ दोघं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून बसले. पाणी चटका देणारं होतं. मोघ्यांची बायको दुरून म्हणाली, "चला ना, ऊन झालं." पण दोघांचं लक्ष नव्हतं.

"खाली कुठं आग नाय, धूर नाय," श्रीपत पाय आत-बाहेर करत म्हणाला. "मग साहेब, हे तापतं कुठून?"

"पुस्तकात म्हणतात, खोल गेलेलं पाणी तापून वर येतं."

"किती खोल?"

मोघ्यांनी पाण्यात बोट बुडवून पाहिलं. "ते बाकी मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि श्रीपत खूश होऊन त्यांच्या जवळ सरकून बसला.